अण्णांच्या स्प्लेंडरची पेट्रोल गळती : कामाच्या नोंदी

गाडी : हिरो होंडा स्प्लेंडर, १९९९ ची, ९७.२ सीसी, कार्बोरेटरवाली. मालक अण्णा. मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी माझ्याकडे. साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, लॅबमध्ये जुलैत काम जेमतेम, रविवार मोकळे. हाताला आकडे लिहायची सवय आहे म्हणून या नोंदी. चुकाही लिहिल्यात, कारण निम्मा वेळ त्यातच गेला.

२९ जून २०२५, रविवार

पहाटे साडेपाचला आईची हाक. "सोप्यात रॉकेल सांडलंय काय रे?" सोपा म्हणजे घराची पुढची खोली, रात्री गाडी तिथंच. घरात रॉकेल यायचं बंद होऊन कित्येक वर्षं झाली. गाडीखाली फरशीवर पंजाएवढा ओला डाग, कडेनं पिवळसर. इंजिनाचं डावं कव्हर ओलं, गिअरचा पाय ओला, स्टँडसुद्धा ओला. पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) चालू. रात्री मीच तसा सोडला होता.

सोपा आणि देवघर यांच्यामध्ये फक्त एक उंबरा, आणि देवघरात समई. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, फरशीलगत सरपटत जाते, उंबरा काही तिला अडवत नाही. उणे ४० अंशांतसुद्धा पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ सुटते, मग जूनमधल्या कोल्हापूरचं काय सांगावं. डिस्टिलरीत नव्या पोरांना हेच मी दर वर्षी सांगतो, आणि घरी आठवडाभर वास येत असताना "पाऊस आहे, कोंदट वाटतंय" म्हणून सोडून दिलं.

गाडी ढकलत गोठ्याकडच्या पत्र्याखाली नेली. तिथं वारा आहे, दिवा नाही. बॅटरीची एक वायर काढली. शेजारी वाळूची बादली. आईचं म्हणणं : "समई बंद होणार नाही. गाडी बंद करा."

३० जून, सोमवार

संध्याकाळी येताना फाट्यावरून नवा कॉक आणला, २४० रुपये. विचार एवढाच की ओल डाव्या बाजूला आणि कॉकही डाव्या बाजूला. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, जुना कॉक उतरवला, नवा चढवला. पाऊण तासाचं काम, मनाला फार बरं वाटलं.

१ जुलै, मंगळवार

सकाळी पुन्हा ओलं. तेवढंच.

३ जुलै, गुरुवार

गळती किती ते मोजायचं ठरवलं. आधी स्टीलचं ताट ठेवून पाहिलं. सकाळी ताट जवळजवळ कोरडं, नुसता पिवळा वळसा उरलेला. पेट्रोल उडून जातं, हे ताट ठेवताना सुचायला हवं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे थेंब दोन जागी पडतायत. एक गिअरच्या पायावरून. दुसरा इंजिनामागे लोंबणाऱ्या बारीक रबरी नळीच्या टोकातून. ती नळी कार्बोरेटरच्या वाटीला (टाकीतून आलेलं पेट्रोल जिथं साठतं ती) खालून जोडलेली असते, जास्त झालेलं पेट्रोल तिथून बाहेर पडतं.

म्हणजे एक गळती समजून मी दोन गळत्यांच्या मागे लागलो होतो. यापुढे अ म्हणजे गिअरच्या पायाकडची, ब म्हणजे नळीची.

ब ला अरुंद तोंडाची बाटली लावली, तोंडाशी कापूस. रात्रीच्या आठ तासांत ४१ मिली. सहज म्हणून मोजलं : पेट्रोलच्या १ मिलीत ५२ थेंब भरले. पाण्याच्या १ मिलीत वीस भरतात. म्हणून गळती डोळ्याला असते त्याहून मोठी वाटते, आणि खिशाला वाटते त्याहून लहान.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास, त्यामुळे डोकं शांत. आज काही विकत आणायचं नाही, फक्त बघायचं.

इंजिनाची डावी बाजू आधी ब्रशनं घासली, मग फडक्यानं कोरडी केली. सव्वीस वर्षांचं नव्हे, पण निदान दहा वर्षांचं ग्रीस आणि माती निघाली. एक जागा मात्र आधीपासून लख्ख होती, कार्बोरेटरच्या खालून कव्हरपर्यंत बोटभर रुंद पट्टा. पेट्रोल मळ धुऊन नेतं. म्हणजे सगळीकडे मळलेल्या इंजिनावर जिथं स्वच्छ दिसेल तिथं संशय धरायचा. मी नेमकी तीच जागा सगळ्यात शेवटी बघितली, स्वच्छ आहे म्हणून.

मग बायकोच्या शाळेतले पांढरे खडू कुटून बारीक पूड केली आणि मऊ ब्रशनं कॉक, पाइप, कार्बोरेटरचं तोंड, वाटीचा जोड, सगळीकडे भुरभुरली. कॉक चालू केला आणि स्टूल घेऊन बसलो. चौथ्या मिनिटाला पाइपाचं खालचं टोक, जिथं तो कार्बोरेटरच्या नळीवर चढतो तिथं, पांढऱ्याचा करडा झाला. टिकलीएवढा. मग तिथून एक रेघ खाली निघाली, मुंगी चालावी तशी, कव्हरच्या कडेला थबकली, वळली आणि गिअरच्या पायाकडे गेली. कॉकवरचा खडू कोरडा ठणठणीत होता.

पाइप काढला. क्लिपखाली तो बांगडीसारखा कडक झालेला. वाकवला तर आडव्या चिरा उघडल्या, नखाच्या कडेएवढ्या. "इथेनॉलनं खाल्लं" म्हणणारे गावात खूप भेटतात. हा पाइप पंधरा वर्षांचा होता आणि इंजिनाच्या धगीवर बसलेला, कुठलंही रबर इतक्यात वाळतंच. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही हेही खरं, पण सगळं खापर त्याच्यावर फोडून आपली पंधरा वर्षं लपवू नयेत.

पाइप पेट्रोलचाच घ्यायचा, मापाला जुना तुकडा न्यायचा. पूर्वी कूलरची पारदर्शक नळी लावलेली गाडी मी पाहिली आहे. ती दोन महिन्यांत पिवळी, चार महिन्यांत काडीसारखी होते. पाइप ६० रुपये, स्प्रिंगच्या दोन नव्या क्लिपा १० रुपये. जुना पाइप ओढून काढू नये, कार्बोरेटरची पितळी नळी हलते. लांबीत कापून सोलावा, केळ्यासारखा.

अ बंद. खडू रात्रभर पांढरा राहिला.

८ जुलै, मंगळवार

ब चालूच. ३८ मिली. पाऊस, कामावर जायची घाई. म्हणून नळीच्या टोकात एक स्क्रू पिळून ती बंद केली. रविवारपर्यंत तात्पुरतं.

१० जुलै, गुरुवार

या महिन्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. जसा झाला तसा लिहितो.

सकाळी किक मारली, किक अर्ध्यात अडकली. जोर दिला तर पायाला भिंत लागावी तसं. अण्णा ओट्यावर काळा चष्मा लावून बसलेले. ते म्हणाले, "जोर लावू नगंस. प्लग काढ."

प्लग काढला, कॅप बाजूला बांधली, किक मारली. प्लगच्या भोकातून पेट्रोलची चूळ बाहेर, गोठ्याच्या भिंतीपर्यंत. म्हैस दचकली.

झालं असं. ती नळी म्हणजे सांडवा. वाटीत पेट्रोल चढलं की ते सांडव्यावाटे जमिनीवर पडतं. मी सांडवा बुजवला, तेव्हा पेट्रोल जेटमधून (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) वर चढलं, कार्बोरेटरच्या गळ्यातून इंजिनात गेलं. झडप उघडी राहिली असेल तर थेट सिलिंडरमध्ये. पाणी काय नि पेट्रोल काय, पिस्टनला दाबता येत नाही. सेल्फ स्टार्टरची गाडी असती तर मोटरनं जोर लावून कनेक्टिंग रॉड वाकवला असता. किक होती आणि अण्णा होते, म्हणून वाचलं.

आता पुढचं. सिलिंडरमधलं पेट्रोल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची कांडी काढली, पुसली, न पिळता नुसती टेकवून परत बघितली. वरच्या खुणेच्या वर पाच-सहा मिलीमीटर. ऑइल वाढत नसतं. कांडीला पेट्रोलचा वास, आणि थेंब टिपकागदावर टाकला तर भोवती पातळ वळसा पसरला. असं ऑइल बेअरिंगला काही उपयोगाचं नाही. सगळं काढून टाकलं, नऊशे मिलीचा नवा डबा ओतला. ४०० रुपयांच्या आसपास गेले, पाच रुपयांच्या स्क्रूपायी.

नळी मोकळी केली. गळू दे.

१३ जुलै, रविवार

कार्बोरेटर खाली घेतला. आधी एक प्रयोग : कॉक चालू ठेवून, ब टपकत असताना, वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलके चार-पाच टोले. टपकणं कमी झालं, बंद नाही. टोल्यानं फरक पडला म्हणजे फ्लोट पिनमध्ये कचरा आहे (वाटी भरली की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि ही पिन पेट्रोल अडवते). पूर्ण थांबलं नाही म्हणजे अजून काहीतरी आहे. हे "अजून काहीतरी" तेव्हा मी डोक्यात नीट लिहून घेतलं नाही.

वाटीचे स्क्रू चौफुलीचे, पण जपानी घडणीचे. आपला नेहमीचा स्टार ड्रायव्हर त्यात खोलवर बसत नाही, निसटतो आणि खाच खातो. दोन निघाले, तिसऱ्याची खाच गेली. फाट्यावरच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी ड्रायव्हर जुन्या खाचेवर धरून वर हातोडीचा एक ठोका दिला आणि लगेच फिरवला. निघाला. "मामा, किती द्यायचे?" "ह्याचं काय घ्यायचं? तेवढे स्क्रू नवे घाला, षटकोनी डोक्याचे." घातले.

वाटीच्या तळाशी विटकरी गाळ, चिमूटभर. फ्लोट पिन काढून लॅबच्या भिंगाखाली धरली. टोकाला काळ्या रबराचा शंकू असतो. त्याच्यावर एक कंगोरा उठला होता, गोल, बांगडीच्या ठशासारखा, आणि त्या ठशात एका जागी गंजाचा कण रुतलेला. बैठकीवर इतकी वर्षं टेकून टेकून रबराला खळगा पडलेला. खळगा आणि कण, दोन्हींतून पेट्रोल वाट काढणारच. नवी पिन १२० रुपये. बैठक इअरबडनं पुसली, काडीनं नाही, ती पितळेची आहे आणि चरा पडला तर बदलता येत नाही.

फ्लोट हलवून कानाशी धरला, आत खळखळ नाही. तरी गरम पाण्यात बुडवून बघितला. भोक असेल तर आतली हवा तापून बुडबुडा येतो. नाही आला.

वाटीची ओ रिंग (जोडातलं गोल रबर) पेट्रोलमध्ये फुगलेली होती, खोबणीत बसेना. असं झालं की लोक ती ताणून, कापून बसवतात. कोरड्या जागी एक दिवस ठेवली की ती आपोआप आक्रसते. पण नवीच घेतली.

रात्री ब : ११ मिली.

१४ जुलै, सोमवार

नवा कॉक लिव्हरच्या मागून पाझरतोय. चौदा दिवसांत. उतरवला, उघडला. आतलं चार भोकांचं रबर एका बाजूनं फुगून दुमडलेलं. जुना कॉक कपाटातून काढला. आता पंधरवड्यापूर्वी करायची होती ती चाचणी केली : कॉक टाकीला, खाली पाइप न लावता मोकळी बाटली, लिव्हर बंद. तासाभरात एकही थेंब नाही. लिव्हर चालू करून टोक बोटानं दाबलं, सांध्यांवर खडू. कोरडा. जुना कॉक पहिल्यापासून निर्दोष होता. तोच परत बसवला. २४० रुपये खात्यावर मांडून ठेवतो.

२० जुलै, रविवार

११ मिली कुठून येतात?

वाटीतली पातळी बघायला सलाइनची नळी वापरली. वाटीच्या खालच्या तोंडाला नळी लावली, नळी यू आकारात वर धरली, कॉक चालू, निचऱ्याचा स्क्रू ढिला. नळीत पेट्रोल जिथवर चढतं तीच वाटीतली पातळी. वाटीचा जोड दिसतो, त्याच्या चार मिलीमीटर खाली येऊन थांबली. अर्धा तास तिथंच. म्हणजे पिन बंद होतेय, पातळी ठीक आहे. मग सांडव्यावरून जाण्याइतकं पेट्रोल चढतच नाही. तरी नळी खाली सोडली की थेंब.

उरल्या दोन शक्यता : निचऱ्याचा स्क्रू नीट बसत नाही, किंवा सांडवाच फुटका. वाटी काढली. आत मधोमध एक बारीक पितळी नळी उभी असते, सोंडेसारखी, वरून उघडी. पातळी तिच्या तोंडापर्यंत चढली की पेट्रोल आतून खाली जातं. वाटी मेजावर ठेवून हातानं पेट्रोल भरलं, पितळी नळीच्या तोंडाच्या बरंच खाली, आणि वाटीखाली वर्तमानपत्र अंथरलं. निचऱ्याच्या स्क्रूवर खडू. खडू कोरडा. सहा मिनिटांनी खालच्या तोंडातून एक थेंब पडला आणि अग्रलेखावर वळसा उठला. मग दुसरा.

भिंग घेतलं. दिवसाच्या उजेडात वाटी फिरवत राहिलो. एका कोनात त्या पितळी नळीवर केसासारखी रेघ चमकली, उभी, मुळापासून निम्म्या उंचीपर्यंत. नखाला लागत नव्हती. सुईनं दाबल्यावर मात्र तिचे ओठ उघडले.

संध्याकाळी जेवताना अण्णांना सांगितलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "व्हय. तीन-चार वर्सं झाली असतील. कॉक बंद केला की थांबतंय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुठं? नवा कॉक आणलास."

हिशेब जुळतो. कॉक बंद असला की वाटीतलं पेट्रोल चिरेच्या खालच्या टोकापर्यंत उतरतं आणि संपतं, दहाएक मिली, सकाळपर्यंत उडून जातं. कॉक चालू असला की फ्लोट खाली येतो, पिन उघडते, वाटी भरते, पुन्हा गळते, टाकी रिकामी होईपर्यंत. अण्णा रोज रात्री कॉक बंद करायचे. मी त्याला जुन्या माणसांची खोड समजत होतो. गळती मे महिन्यात सुरू झाली नाही. मे महिन्यात गाडी माझ्या हातात आली.

२२ जुलै, मंगळवार

वाटी दोन दिवस उन्हात, म्हणजे जे काही ऊन होतं त्यात. वास पूर्ण गेल्यावरच लॅबमधल्या साठ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं चिरेवर डाग दिला, म्हणजे कथील वितळवून ती सांधली. कथील-शिशाचा डाग १९० अंशांच्या आत वितळतो, वाटीचा जस्ती धातू पावणेचारशेच्या पुढे, म्हणून जमतं. पण हात रेंगाळता कामा नये. गॅसच्या ज्योतीवर वाटी धरलीत तर वाटी गेली. पितळ आधी पॉलिश पेपरनं उजळ केलं. डाग चकचकीत, मुंगीच्या पोटासारखा बसला. नळी आतून बुजली नाही ना, ते पिनेनं बघितलं.

वाटीत पेट्रोल भरून तीन तास. वर्तमानपत्र कोरडं.

२७ जुलै, रविवार

गळती थांबली, पण तो विटकरी गाळ टाकीतूनच आला होता, आणि पुन्हा येणार. टाकी उतरवली.

शेवटचं अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. खाली दोन बोटं वेगळा थर, गढूळ, मधे स्पष्ट रेघ. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं, दीड महिना पाऊस. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते तसंच तळाशी बसायचं. आता देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे (२०२२ मध्ये १० टक्के होतं). इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाण्यासकट सगळं वेगळं होऊन तळाला जातं. हाच तळ कॉकच्या तोंडाशी आणि टाकीच्या शिवणीशी असतो.

पंपावर करतात ती चाचणी नव्या पेट्रोलवर करून बघितली. शंभर मिलीच्या नळकांड्यात १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवून दहा मिनिटं उभं. खालचा थर १० चा २७ झाला. जेवढं वाढलं तेवढं इथेनॉल. गंमत अशी की यातलं काही आमच्याच फडातल्या उसाचं असणार. बी हेवी मळीचे (बरीच साखर शिल्लक असलेली मळी, इथेनॉल तिच्यापासून करतात) नमुने हंगामात मीच तपासतो.

टाकीत दहा लिटर गरम पाणी आणि अर्धा किलो सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. कॉकच्या भोकाला लॅबचं रबरी बूच. रात्रभर.

२८ जुलै, सोमवार

सकाळी पाणी हिरवट-काळं, टाकी आतून राखाडी, गंज गेलेला. आणि टाकीखाली पाण्याचं थारोळं.

मागच्या बाजूला, जो भाग सीटखाली झाकला जातो तिथं, शिवणीलगत दोन भोकं. टाचणीच्या टोकाएवढी. रंगाचे दोन फोड मला आधी दिसले होते, मी चिखल समजलो. भोकं जुनीच. गंजानंच ती बुजवून ठेवली होती, आणि गंज मी धुतला.

खायच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा खळबळलं, मग साध्या पाण्यानं, मग केस वाळवायच्या मशीननं वाळवलं. हे मशीन पेट्रोलचा अंश असलेल्या टाकीला कधीही लावू नये. ही टाकी रात्रभर पाण्यानं भरलेली होती. वाळल्याबरोबर आतून थोडं ऑइल फिरवलं, नाहीतर उघडं लोखंड दुपारपर्यंत तांबडं होतं.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

तालुक्याला जायला दुसरी गाडी नाही. म्हणून गावठी उपाय : कपडे धुवायच्या साबणाची वडी किंचित ओली करून भोकांवर घट्ट चोळली, वर एम-सीलचा थर. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे वाटेत भोक पडलं तर साबणाची वडी माणसाला घरी आणते. जुने ट्रकवाले ती कायम जवळ ठेवत. पण पावसात साबणाचं काय होणार ते सांगायला नको. दोन लिटरच पेट्रोल भरलं.

आईनं आज काही चिरायचं-भाजायचं नाही म्हणून त्यानंतर पाना-पक्कड उचलू दिली नाही. पुढचं काम बंद, पुरणाची दिंडं खाल्ली.

३ ऑगस्ट, रविवार

तालुक्याच्या गावी रेडिएटरचं काम करणारे एक चाचा आहेत. टाकी हातात घेतल्याबरोबर त्यांनी आधी तोंडाशी नाक नेलं. "पेट्रोल कधी काढलं?" आत्ताच काढलं, म्हटलं. टाकी बाजूला ठेवली. धुण्याचा सोडा घातलेलं उकळतं पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. तीन वेळा. मग भोकाच्या जरा खालीपर्यंत पाणी ठेवूनच काम सुरू. आत पोकळी जेवढी कमी तेवढी वाफेला जागा कमी. रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावणारे अजून आहेत, आणि त्यांच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात.

एम-सील खरवडून पत्रा उजळ केला. तांब्याचा ठोकळा भट्टीत तापवला, नवसागराच्या खड्यावर घासला, भस्सकन पांढरा धूर. कथील त्याला पाणी प्यावं तसं चिकटलं. भोकांवर बोटभर पितळी पत्र्याचं ठिगळ, चारी बाजूंनी डाग. आमच्यासमोर पाणी भरून, तोंड हातानं दाबून फुंकून दाखवलं. २०० रुपये. मी आदल्या आठवड्यात एम-सीलवर घालवलेला वेळ मोजला तर हे स्वस्त.

घरी येऊन ठिगळावर रंग, झाकणाला नवं रबर. झाकणाचं हवेचं भोकही सुईनं मोकळं केलं. ते बुजलं की आधी पेट्रोल येईनासं होतं, आणि उन्हात टाकी तापली की आतला दाब पेट्रोलला पिनेवरून ढकलतो. तोंडापर्यंत टाकी भरून उन्हात उभी करू नये ते यासाठीच. दहा लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं तर दीडशे मिलीच्या आसपास फुगतं, आणि त्याला कुठंतरी जायचं असतंच.

४ ते ९ ऑगस्ट

रोज रात्री कॉक मुद्दाम चालू, खाली वर्तमानपत्र, चार कोपऱ्यांवर दगड. ब च्या बाटलीत : ०, ०, ०, ०, ०, ०. अ कोरडा. सातव्या तारखेला पेपरवर एक काळा ठिपका आढळून पोटात गोळा आला. चेनचं ऑइल होतं.

ऑइलची कांडी मधल्या जागी, वास नाही. खर्च एकूण, नव्या कॉकसकट, १,१०० च्या घरात. कॉक वगळला आणि १० जुलै वगळली तर ४५० मध्ये झालं असतं.

१० ऑगस्ट, रविवार

डॉक्टरांनी अण्णांना गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. सकाळी एका किकला चालू झाली, अण्णा मळ्याकडे गेले. जाताना ब ची नळी कुठंय ते वाकून बघितलं, काही बोलले नाहीत.

संध्याकाळी गाडी परत सोप्यात. समई चालू. रात्री साडेदहाला मोजमाप घ्यायला बॅटरी घेऊन गेलो. पेपर कोरडा, बाटली कोरडी. कॉक बंद होता. मी केला नव्हता.